विंडोज 10 चा आधार संपला, लॅपटॉप मात्र धडधाकट: पेन ड्राइव्हवरून लिनक्स कसं चालवून बघायचं आणि इन्स्टॉल करताना कुठे थांबायचं?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा मोफत आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी वर्षभराच्या वाढीव अपडेटची योजना जाहीर झाली, तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026 ठेवण्यात आली. विंडोज 11 वर जायचं तर टीपीएम 2.0 चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. म्हणजे 2015-16 मध्ये घेतलेला, नीट चालणारा लॅपटॉप या यादीत बसत नाही.

अशा वेळी सोशल मीडियावर एक सल्ला हमखास मिळतो, 'लिनक्स टाक की!' सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. लिनक्स 'चालवून बघणं' आणि लिनक्स 'टाकणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत गमावण्यासारखं जवळपास काही नाही. दुसरीत एका पडद्यावर घाईने केलेलं क्लिक दहा वर्षांचे फोटो पुसू शकतं. दोन्ही कामं एकाच पेन ड्राइव्हवरून होतात, त्यामुळे नवख्यांची गल्लत होते.

'लाइव्ह' म्हणजे काय?

नेहमी ऑपरेटिंग सिस्टिम हार्ड डिस्कवर बसवलेली असते आणि संगणक तिथूनच सुरू होतो. लाइव्ह प्रकारात संपूर्ण सिस्टिम सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर असते. संगणक थेट तिथून सुरू होतो. डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिसची कामं करणारं सॉफ्टवेअर, सगळं समोर येतं आणि आतल्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही.

हे जमतं कसं? पेन ड्राइव्हवरची सिस्टिम एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते आणि ती फक्त वाचता येते, बदलता येत नाही. तिच्यावर रॅममध्ये दुसरा एक थर पसरला जातो. छापील नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून त्यावर पेनाने खुणा कराव्यात, तसं हे आहे. वापरणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्र दिसतात, पण लिहिलं जातं ते प्लॅस्टिकवर. संगणक बंद केला की रॅम रिकामी होते, प्लॅस्टिक निघून जातं आणि खालचा नकाशा कोराच राहतो. म्हणून लाइव्हमध्ये टाकलेला वाय-फायचा पासवर्ड, बदललेला वॉलपेपर, डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल पुढच्या वेळी सापडत नाही. ती बिघाडाची खूण नव्हे, लाइव्हची रचनाच तशी आहे.

इथे एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. लाइव्हमध्ये असताना फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्कही दिसते आणि उघडता येते. तिथे जाऊन एखादी फाइल डिलीट केली तर ती खरोखरच डिलीट होते. 'डिस्कला हात लागत नाही' हे आपण स्वतः हात लावत नाही तोवरच खरं.

सीडीचे दिवस

ही कल्पना जुनी आहे. लिनस टोरवाल्ड्स याने 1991 मध्ये लिनक्सची घोषणा केली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस 'इग्ड्रासिल' नावाचं लिनक्स सीडीवरून चालवता येऊ लागलं. पण त्या काळच्या सीडी ड्राइव्हचा वेग पाहता ते रोजच्या वापराचं नव्हतं. लाइव्ह सीडी खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोहोचवली ती जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर याने. 2000 मध्ये आलेल्या त्याच्या 'नॉपिक्स'ने 700 एमबीच्या सीडीत दाबून जवळपास 2 जीबीचं सॉफ्टवेअर बसवलं. सीडी टाकली की संगणकाचं साउंड कार्ड, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क आपोआप ओळखलं जायचं. बंद पडलेल्या विंडोजमधून फाइली काढून देणाऱ्या मेकॅनिकच्या बॅगेत ही सीडी असायचीच.

पुढचं मोठं नाव उबुंटू. पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2004 मध्ये आली, तेव्हा बघण्याची सीडी वेगळी आणि इन्स्टॉल करण्याची वेगळी होती. जून 2006 च्या 6.06 आवृत्तीत दोन्ही एकत्र झाल्या. आधी लाइव्ह चालवा, आवडलं तर त्याच डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक करून इन्स्टॉल करा. आज जवळपास सगळी लोकप्रिय लिनक्स याच पद्धतीने मिळतात. ज्यांचं इंटरनेट धिमं होतं त्यांना कंपनी 'शिपइट' योजनेतून जगभर फुकट, टपालखर्चही न घेता सीडी पाठवायची. भारतातही ती पाकिटं यायची. 2011 मध्ये ही योजना बंद झाली.

आता उबुंटूची 24.04 आवृत्तीच जवळपास 6 जीबीची आहे, सीडी सोडा, साध्या डीव्हीडीतही ती मावत नाही. म्हणून 'लाइव्ह सीडी' हा शब्द राहिला असला तरी हातात असतो तो पेन ड्राइव्ह. त्याचा फायदाच झाला. सीडीवरून एखादं सॉफ्टवेअर उघडायला जो वेळ लागायचा, तो पेन ड्राइव्हवर खूप कमी झाला.

पेन ड्राइव्ह तयार करताना

आधी कोणतं लिनक्स हे ठरवावं लागतं. विंडोजची सवय असलेल्यांसाठी 'लिनक्स मिंट' सोपं पडतं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, सगळं ओळखीचं वाटतं. त्याच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, 2 जीबी रॅमवर ते सुरू होतं आणि 4 जीबी असेल तर बरं चालतं. उबुंटूला 4 जीबी तरी हवीच. सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' हे भारतीय लिनक्सही आहे. शेकडो पर्यायांची यादी वाचत बसण्यात काही अर्थ नाही, नवख्याने मिंट किंवा उबुंटू घ्यावं आणि पुढे जावं.

अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवायची. विंडोजवर 'रुफस' किंवा 'बलेना एचर' या मोफत सॉफ्टवेअरने ती 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहायची. नुसती फाइल कॉपी-पेस्ट करून चालत नाही, त्यातून संगणक सुरू होत नाही. आणि लिहिताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला ड्राइव्ह या कामाला नको.

उतरवलेली फाइल खरी आहे का हे तपासण्याची पायरी बहुतेक जण गाळतात. साइटवर फाइलसोबत 'एसएचए-256' नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. आपल्या फाइलचा आकडा काढून तो जुळतो का बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. 20 फेब्रुवारी 2016 ला लिनक्स मिंटची साइट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक बदलून मागचा दरवाजा ठेवलेली आयएसओ फाइल लोकांना दिली गेली. त्या दिवशी 17.3 सिनॅमन आवृत्ती उतरवणाऱ्यांना धोका झाला. टेलिग्राम ग्रुपवर आलेली किंवा कुणीतरी ड्राइव्हवर टाकलेली आयएसओ तर वापरूच नये.

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू कसा होतो?

लॅपटॉप पूर्ण बंद करून पेन ड्राइव्ह लावायचा आणि चालू करताच बूट मेन्यूचं बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ते एफ12 असतं, एचपीवर एस्केप दाबून मग एफ9, असूसवर एस्केप. एसरच्या अनेक मॉडेलांत एफ12 चा मेन्यू आधी बायोसमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की काळा पडदा, मग लोगो आणि मिनिट-दोन मिनिटांत डेस्कटॉप.

'सिक्युअर बूट बंद करा' असं अनेक व्हिडिओंत सांगितलेलं असतं. मिंट, उबुंटू, फेडोरा यांना त्याची सहसा गरज नसते, कारण त्यांचे बूट लोडर सही केलेले असतात. विंडोजवर बिटलॉकर चालू असताना सिक्युअर बूटमध्ये ढवळाढवळ केली तर पुढच्या वेळी विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की कुठे आहे हे माहीत नसलेल्याचा त्या क्षणी घाम फुटतो.

लाइव्हमध्ये काय तपासायचं?

इथे घाई करू नये. तासभर, जमलं तर दोन-तीन संध्याकाळी लाइव्हवरच काम करून बघावं. वाय-फाय जोडलं जातं का? काही जुन्या लॅपटॉपमधली ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप वेगळं ड्रायव्हर घातल्याशिवाय चालत नाही. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेता येतं. आवाज येतो का, कॅमेरा आणि माइक व्हिडिओ कॉलवर चालतात का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, स्क्रीनचा प्रकाश कमी-जास्त होतो का? लॅपटॉपचं झाकण बंद करून पुन्हा उघडल्यावर तो जागा होतो का, हे तर तपासायलाच हवं. लाइव्हमध्ये जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर जादूने चालत नाही, त्यासाठी ड्रायव्हर शोधावं लागतं.

प्रिंटर विसरू नका. एचपीचे बरेचसे प्रिंटर लिनक्सवर सहज ओळखले जातात. पण झेरॉक्सच्या दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 'कॅप्ट' नावाच्या वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो बसवताना चांगलेच कष्ट पडतात. ज्याचा धंदा त्या प्रिंटरवर आहे त्याने हे आधी बघावं.

सॉफ्टवेअरचंही तसंच. ब्राउझरमधली कामं, म्हणजे मेल, यूट्यूब, बँकेची साइट, गूगल डॉक्स, जशीच्या तशी होतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्ससाठी येत नाही, त्याऐवजी लिब्रेऑफिस मिळतं. साध्या फाइली त्यात नीट उघडतात, किचकट मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली अडतात. फोटोशॉप, कोरलड्रॉ, टॅली ही विंडोजची सॉफ्टवेअर. 'वाइन'च्या मदतीने विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवता येतात, पण रोजचा हिशोब त्याच्या भरवशावर ठेवणं शहाणपणाचं नाही. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरत असाल तर त्या कंपनीचं लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे विचारून घ्या.

मराठीचं काय? युनिकोड मराठी लिनक्सवर व्यवस्थित दिसते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इन्स्क्रिप्ट मिळतं आणि उच्चारानुसार टाइप करण्याचा पर्यायही मिळतो. विंडोजवर इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्यांची बोटं लगेच सरावतात. अडचण येते ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या फाइलींची. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं पत्रिका, अहवाल, पुस्तकं केलेली असतील तर त्या फाइली विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. नाहीतर लिनक्सवर उघडल्यावर समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते.

खरी परीक्षा: डिस्कचा पडदा

लाइव्ह डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल'चा आयकॉन असतो. भाषा, कीबोर्ड, वाय-फाय हे पडदे बिनधास्त पुढे ढकलता येतात. मग विचारलं जातं की लिनक्स डिस्कवर कुठे बसवायचं. इथे साधारण तीन पर्याय असतात. 'इरेज डिस्क', म्हणजे संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स टाका. 'इन्स्टॉल अलाँगसाइड', म्हणजे विंडोज ठेवून शेजारी जागा करा. आणि तिसरा, डिस्कचे भाग स्वतः ठरवण्याचा.

'इरेज डिस्क' म्हणजे फक्त सी ड्राइव्ह पुसणं नव्हे. विंडोजमध्ये दिसणारे सी, डी, ई हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे तुकडे असतात. 'माझे फोटो डी ड्राइव्हवर आहेत, सी पुसला तरी चालेल' असं समजून हा पर्याय निवडला तर तिन्ही जातात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही तरी परत मिळण्याची आशा असते. एसएसडीवर ती फारच कमी, कारण नव्याने फॉरमॅट करताना आधीचे ब्लॉक रिकामे झाल्याचं एसएसडीला कळवलं जातं आणि ती ते साफ करून टाकते.

संगणकात दोन डिस्क असतील तर कोणती निवडली आहे हे आकारावरून ओळखावं. इथेही गोंधळ होतो. 500 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 465 जीबी दिसते, उबुंटूत मात्र 500. डिस्क तीच असते, मोजण्याची पद्धत वेगळी. बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क या वेळी काढून ठेवावी, म्हणजे चुकून तीच निवडली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

बॅकअप अर्थातच याआधी घ्यायचा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स यांसोबत ब्राउझरमधले पासवर्ड आणि टॅलीच्या डेटाचं फोल्डर लोक विसरतात. बॅकअप घेतला म्हणजे तो झाला असंही धरू नये. दुसऱ्या संगणकावर तो लावून चार फाइली उघडून बघाव्यात.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवं असेल तर तीन गोष्टी आधी विंडोजमध्येच कराव्या लागतात. एक, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघायचं. अनेकांच्या लॅपटॉपवर ते मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करताना आपोआप चालू झालेलं असतं. रिकव्हरी की त्या खात्यावर सापडते, ती कागदावर लिहून ठेवावी. दोन, 'फास्ट स्टार्टअप' बंद करायचं. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. तीन, विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधून सी ड्राइव्ह लहान करून निदान 40-50 जीबी जागा मोकळी करायची. हे काम इन्स्टॉलरही करतो, पण विंडोजचं घर विंडोजनेच आवरलेलं बरं.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बहुधा बायोसमध्ये इंटेलची 'आरएसटी' किंवा रेड पद्धत लावलेली असते. ती तशीच बदलली तर विंडोज सुरू होत नाही, आधी विंडोजला त्या बदलासाठी तयार करावं लागतं. इथे जाणकाराला बोलवावं.

शेवटी इन्स्टॉलर काय काय बदलणार आहे याची यादी दाखवतो आणि होकार मागतो. तोपर्यंत डिस्क जशीच्या तशी असते आणि विनासंकोच मागे फिरता येतं. कोणत्या डिस्कचा कोणता भाग फॉरमॅट होणार हे त्या यादीत लिहिलेलं असतं. समजलं नाही तर मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढावा, इन्स्टॉलर बंद करावा आणि कुणाला तरी विचारावं.

इन्स्टॉल झाल्यावर

पुढचे पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं असतं. एनव्हिडिया किंवा वाय-फायचे खास ड्रायव्हर निवडले असतील तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड टाकावा लागतो. तो पडदा व्हायरस समजून पुढे ढकलला की ड्रायव्हर चालत नाही.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना भारतात हमखास एक गंमत दिसते. लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असतं. बॅटरी गेलेली नसते. लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला 'स्थानिक वेळ वापर' असं एकदा सांगितलं की प्रश्न मिटतो.

पेन ड्राइव्ह मात्र लगेच फॉरमॅट करू नये. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लिनक्स निवडण्याचा मेन्यू गायब झाला तर तो दुरुस्त करायला हाच ड्राइव्ह लागतो. शेजाऱ्याचं विंडोज सुरूच होत नसेल आणि डिस्क मात्र शाबूत असेल, तर याच ड्राइव्हवरून त्याचा संगणक लाइव्ह चालू करून फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून देता येतात. बिटलॉकर चालू असेल तर त्यालाही तीच 48 अंकी की विचारावी लागेल.